तत्त्वज्ञानाची चर्चागोष्ठी भरवायची आहे? प्रश्न ठरवण्यापासून बिले मिटवण्यापर्यंत

नैतिक आणि राजकीय तत्त्वज्ञानावरची चर्चासत्रे बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने फसतात. उद्घाटन साडेअकराला संपते, चहा होईपर्यंत बारा वाजतात आणि उरलेल्या वेळात तीस-चाळीस निबंध बसवायचे म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटे येतात. वाचणारा घाईघाईने पाने उलटतो, अध्यक्ष चिठ्ठी सरकवतात आणि ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत’ असे जाहीर होते. न्याय, समता, स्वातंत्र्य यांबद्दल कुणी काही दावा केला आणि तो कुणी तपासलाच नाही, तर इतकी माणसे लांबून आली कशासाठी?

इथे दिलेली पद्धत दोन दिवस, आठ निबंध आणि पस्तीस-चाळीस माणसे एवढ्यासाठी आहे. विद्यापीठाचा विभाग ती चालवू शकतो, तशीच पदव्युत्तर वर्ग असलेली महाविद्यालयेही चालवू शकतात. मूळ अट एकच आहे: निबंध सगळ्यांनी आधी वाचून यायचे, सभागृहात वाचून दाखवायचे नाहीत. पुढचे सगळे टप्पे या अटीला धरून लावलेले आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच विषय घेतला आहे: सार्वजनिक प्रकल्पासाठी होणारे विस्थापन आणि त्याची भरपाई. पुण्याजवळ मुळशीला १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, पुढे कोयना, उजनी, जायकवाडी ही धरणे झाली. हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेरही भेटलेला असतो.

## टप्पा १: विषय नको, प्रश्न घ्या

‘आधुनिक काळातील नैतिक मूल्ये’ किंवा ‘सामाजिक न्यायाचे विविध पैलू’ अशी शीर्षके घेतली की त्यात काहीही बसते. एक जण प्लेटोवर लिहितो, दुसरा गीतेतल्या निष्काम कर्मावर, तिसरा पर्यावरणावर. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, पण त्यांचे निबंध एकमेकांशी बोलत नाहीत. चर्चा होत नाही याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. वेळेची कमतरता नंतर येते.

प्रश्न असा हवा की दोन वाचलेली, विचारी माणसे त्याला प्रामाणिकपणे वेगवेगळी उत्तरे देतील. उदाहरणार्थ: ‘धरणासाठी गाव उठवले आणि बाजारभावाहून जास्त पैसे दिले, तर अन्याय शिल्लक राहतो का?’

आता यात कोण कुठे उभा राहील ते पाहा. उपयुक्ततावादी म्हणेल, एकूण हित वाढले आणि नुकसानही भरून दिले, तर तक्रारीला जागा कुठे? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या वाटेने जाणारा विचारेल, ज्यांची स्थिती सर्वांत वाईट त्यांच्या वाट्याला या व्यवस्थेतून काय आले? व्यक्तीचे हक्क सर्वांत वर ठेवणारे रॉबर्ट नॉझिक यांना मानणारा संमतीवरच अडेल, कारण न विचारता घेतलेली जमीन पैसे दिल्याने आपोआप न्याय्य ठरत नाही. शिवाय त्यांच्या १९७४ च्या मांडणीत जुन्या अन्यायाच्या दुरुस्तीचे वेगळे तत्त्व आहेच. अमर्त्य सेन यांच्या अंगाने जाणारा म्हणेल, पैसा हातात आला हे ठीक, पण शेती सुटलेल्या माणसाला त्या पैशाने काय करता येते? आणि आंबेडकरांनी संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातली जी विसंगती मांडली, तिथून सुरुवात करणारा विचारेल की ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता त्याला भरपाई कशाची मिळाली?

एका प्रश्नात इतक्या वाटा निघत असतील तर दोन दिवस पुरतात.

प्रश्न ठरला की तो एका वाक्यात लिहा. त्याखाली दोन परस्परविरोधी उत्तरे चार-पाच ओळींत लिहा आणि तो कागद विभागाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला दाखवा, अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या. दोन्ही उत्तरांत दम आहे असे त्यांना वाटले तर प्रश्न घ्यावा. एकच उत्तर उघड बरोबर वाटले तर तो प्रश्न गोष्ठीच्या कामाचा नाही.

इशारा: शीर्षकात निकाल देऊ नका. प्रश्न कितीही तापलेला असला तरी चालतो, पण ‘विकासाच्या नावाखाली लूट’ असे शीर्षक दिले की उलट बाजूचा माणूस निबंधच पाठवत नाही. मग दोन दिवस एकमताचे होतात आणि कुणाचाच युक्तिवाद घासून निघत नाही.

## टप्पा २: तारीख ठरवून मागे मोजत या

आपल्याकडे जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा सर्वांत सोयीचा. त्याआधी सत्र परीक्षा आणि पेपर तपासणी असते. त्यानंतर बारावीची परीक्षा सुरू होते आणि कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल तर खोल्या आणि माणसे दोन्ही जातात. मार्चमध्ये कार्यक्रम घेतला तर आर्थिक वर्ष संपत आलेले असते आणि बिले अडकतात.

शुक्रवार-शनिवार धरा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख गृहीत धरली तर वेळ साधारण अशी लागते:

- निबंधांचे आवाहन: सप्टेंबरअखेर, दिवाळीच्या सुटीआधी. शिक्षक लिहितात ते बहुधा सुटीत.
- गोषवारे पोचण्याची शेवटची तारीख: १५ नोव्हेंबर.
- निवडीचा निर्णय: ३० नोव्हेंबर.
- पूर्ण निबंध: १० जानेवारी. त्याच दिवशी ते प्रतिसादकांकडे, म्हणजे प्रत्येक निबंधावर टीका करायला नेमलेल्या वाचकांकडे, जातात.
- सर्व निबंध सर्व सहभागींकडे: २० जानेवारी.
- प्रतिसादकांची टिपणे: २८ जानेवारी.

निवडणुकीची आचारसंहिता त्या काळात लागण्याची शक्यता असेल तर जागेची परवानगी आधीच लेखी घेऊन ठेवा.

## टप्पा ३: टिपण, मंजुरी, पैसा

कार्यालयीन टिपण एकदाच आणि पूर्ण लिहा: प्रश्न, तारखा, निबंधांची संख्या, बाहेरून येणारी माणसे, खर्चाचा तपशील, पैसा कुठून येणार आणि अॅडव्हान्स कुणाच्या नावाने काढायचा. शेवटचा मुद्दा राहून गेला की फाईल लेखा विभागातून परत येते आणि पंधरा दिवस जातात.

बाहेरच्या निधीसाठी भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद हे तत्त्वज्ञानाचे पहिले दार आहे. राजकीय-सामाजिक प्रश्न असेल तर भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषदेकडेही अर्ज करता येतो. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठात आहे. अर्जाचे नमुने आणि मुदती दर वर्षी बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या फाईलवरून अर्ज भरू नका.

खर्च बेतताना क्रम असा ठेवा: आधी निबंधकांचा आणि प्रतिसादकांचा प्रवास, मग बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय, मग जेवण आणि शेवटी छपाई. फोल्डर, पिशव्या, स्मृतिचिन्हे आणि फ्लेक्स यांत जाणारा पैसा विद्यार्थ्यांच्या प्रवासाकडे वळवा. नांदेडहून किंवा गडचिरोलीहून येऊ पाहणारा पीएचडीचा विद्यार्थी प्रश्न नसल्यामुळे घरी राहत नाही, तिकिटाच्या पैशामुळे राहतो.

थांबून तपासा: मंजुरीच्या पत्रात अॅडव्हान्सची रक्कम, खातेशीर्ष आणि खर्चाची मुदत या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत का? नसतील तर आवाहन काढू नका.

## टप्पा ४: आवाहन असे लिहा की गोषवारा कामाचा यावा

आवाहनात उपविषयांची वीस कलमांची यादी देण्याची पद्धत आहे. ती मोडा. यादी दिसली की लोक जवळ असलेला जुना निबंध एखाद्या कलमात बसवून पाठवतात. त्याऐवजी प्रश्न द्या, त्याखाली तो का अवघड आहे हे दोन परिच्छेदांत सांगा आणि गोषवाऱ्यात काय हवे ते स्पष्ट लिहा.

चारशे शब्दांत चार गोष्टी मागा:

१. निबंध कोणत्या नेमक्या प्रश्नाला उत्तर देतो?
२. उत्तर काय आहे? एका वाक्यात.
३. त्या उत्तराच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद काय?
४. त्यावर येऊ शकेल असा सर्वांत जड आक्षेप कोणता आणि त्याचे काय करणार?

चौथ्या प्रश्नाने निम्मी चाळणी आपोआप होते. ‘या निबंधात अमुक विचारवंताच्या विचारांचा आढावा घेतला आहे’ एवढेच लिहिणाऱ्याला चौथ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

पूर्ण निबंधाची मर्यादा चार हजार शब्द ठेवा. आठ निबंधांचे बत्तीस हजार शब्द होतात. दोन आठवड्यांत नोकरी सांभाळून एवढेच नीट वाचून होते.

भाषेबद्दल आवाहनातच सांगा: निबंध मराठीत किंवा इंग्रजीत चालेल, इंग्रजी उतारे मराठी निबंधात भाषांतर करूनच द्यायचे आणि प्रश्न ज्या भाषेत आला त्या भाषेत उत्तर द्यायचा प्रयत्न करायचा.

इशारा: फाईल युनिकोडमध्येच मागा आणि हे ठळक अक्षरात लिहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला निबंध दुसऱ्याच्या संगणकावर नुसत्या चिन्हांचा ढीग होतो. रूपांतर करताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात आणि ते हाताने दुरुस्त करण्यात आठवडा जातो. वर्ड फाईल आणि पीडीएफ दोन्ही मागवा, म्हणजे बिघडले तर मूळ काय होते ते ताडून पाहता येते.

## टप्पा ५: निवड नावे झाकून करा

गोषवारे आले की एकाच व्यक्तीने ते उघडावेत. नाव, पद आणि संस्था काढून प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि मगच ते दोन वाचकांकडे जावेत. वाचकांपैकी एक तरी दुसऱ्या विद्यापीठातला असावा. आपल्या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात, मार्गदर्शकांचे मार्गदर्शकही एकमेकांना ओळखतात. नाव झाकल्याशिवाय नव्या माणसाला संधी मिळत नाही.

दोघांनी वेगवेगळे वाचून तीन प्रश्नांना उत्तरे द्यावीत. दावा स्पष्ट आहे का? त्यामागे युक्तिवाद आहे की नुसती माहिती? आणि आमच्या प्रश्नाशी तो भिडतो का?

माहिती आणि युक्तिवाद यांतला फरक आमच्या उदाहरणात असा दिसतो. समजा, एका गोषवाऱ्यात लिहिले आहे की २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शेतमजूर आणि कुळांच्या कुटुंबांनाही बाधित मानले आणि भरपाईच्या शंभर टक्के इतकी वेगळी दिलासा रक्कम ठेवली. हे खरे आहे, पण ही तरतुदींची माहिती झाली. दुसऱ्या गोषवाऱ्यात लिहिले आहे की मजुराला बाधित मानले, तर भरपाईचा आधार मालकी हा उरत नाही, तो जगण्याच्या साधनाशी असलेले नाते हा होतो, आणि हे एकदा मान्य केले की केवळ जमिनीच्या किमतीवर भरपाई मोजणे विसंगत ठरते. यावर वाद घालता येतो. हा निवडा.

पंधरा-वीस चांगले गोषवारे आले तरी आठच घ्या. ‘आणखी चार घालू, वेळ थोडा कमी करू’ हा मोह प्रत्येक समितीत येतो आणि त्याला एकदा वाट दिली की सात मिनिटांवर यायला वेळ लागत नाही. उरलेल्या चांगल्या लेखकांना प्रतिसादक किंवा सत्राध्यक्ष म्हणून बोलवा. त्यांचा विषयाचा अभ्यास झालेलाच असतो.

नकाराचे पत्र सगळ्यांना पाठवा, दोन ओळींच्या कारणासह. विद्यार्थ्यांना तर नक्कीच. कारण कळले नाही तर तो पुढच्या वेळी तोच गोषवारा दुसरीकडे पाठवतो.

## टप्पा ६: प्रतिसादक नेमा आणि निबंध आधी पोचवा

गोष्ठीचा सगळा भार या टप्प्यावर आहे, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

प्रत्येक निबंधाला एक प्रतिसादक हवा. तो लेखकाचा मार्गदर्शक, विद्यार्थी किंवा सहकारी नसावा. ज्येष्ठ प्राध्यापकाच्या निबंधाला तरुण संशोधक प्रतिसादक दिला तर फार चांगली चर्चा होते, फक्त त्या तरुणाला आधी फोन करून सांगा की कठोर प्रश्न विचारणे हेच त्याचे काम आहे. त्याशिवाय तो ‘सरांनी फार मौलिक विवेचन केले आहे’ यापलीकडे जाणार नाही.

प्रतिसादकाला पत्रातून चार कामे नेमून द्या:

१. निबंधाचा दावा आपल्या शब्दांत असा मांडा की लेखक म्हणेल, हो, हेच मला म्हणायचे आहे.
२. युक्तिवादातली सर्वांत नाजूक पायरी शोधा. एकच.
३. ती पायरी का टिकत नाही किंवा टिकवायला काय लागेल ते उदाहरणासह सांगा.
४. सभेसाठी एक प्रश्न मोकळा ठेवा.

पहिले काम लोक सर्रास टाळतात. त्यासाठी एक नमुना डोळ्यांपुढे ठेवावा. जातिभेदाविरुद्ध काम करणाऱ्या लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी आंबेडकरांनी लिहिलेले भाषण प्रत्यक्षात झालेच नाही, ते त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधीजींचे लेख छापले आणि मग आपले उत्तर दिले. वाचकाला दोन्ही बाजू एका ठिकाणी मिळाल्या. मतभेद इतका तीव्र असूनही विरोधकाचे म्हणणे झाकले नाही. प्रतिसादकाकडून एवढेच हवे आहे.

प्रतिसादकाचे टिपण दीड पानाचे असावे आणि ते लेखकाला सहा-सात दिवस आधी मिळावे. सभागृहात लेखकाला धक्का देण्यात काही मिळवायचे नसते. आधी टिपण वाचलेला लेखक चांगले उत्तर देतो आणि चर्चा एक पायरी वरून सुरू होते.

सहभागींना आठही निबंध एकाच पीडीएफमध्ये पाठवा. ओळींना क्रमांक घाला, म्हणजे ‘पान चार, ओळ अठरा’ असे म्हणून नेमका मुद्दा दाखवता येतो. ही सोय अगदी लहान वाटते, पण तिच्यामुळे प्रश्नांचा दर्जा बदलतो. सोबत एका पानाचे परिभाषापत्रक जोडा. हक्क, अधिकार, न्याय्यता, भरपाई, दुरुस्ती हे शब्द कोणत्या इंग्रजी संज्ञांसाठी वापरले आहेत ते त्यात असावे. नाहीतर अर्धे सत्र शब्दांच्या गोंधळात जाते.

मोबाईलवर वाचणाऱ्यांचा विचार करा, पण विद्यार्थ्यांसाठी दहा-बारा छापील प्रती झेरॉक्स करून विभागात आठवडाभर आधी ठेवा.

थांबून तपासा: गोष्ठीच्या आठ दिवस आधी प्रत्येक नोंदणी केलेल्या व्यक्तीला विचारा: कोणते दोन निबंध वाचून झाले आणि त्यांतल्या एकावर तुमचा एक प्रश्न काय आहे? प्रश्न ईमेलने मागवा. ज्यांच्याकडून काहीच आले नाही त्यांना फोन करा. एम.ए.च्या विद्यार्थ्यांची एक संध्याकाळची वाचनबैठक घ्या आणि तीन निबंध एकत्र वाचा. त्या बैठकीला बसलेली मुलेच नंतर सभागृहात तोंड उघडतात.

इशारा: एखाद्या लेखकाचा निबंध २० जानेवारीपर्यंत आला नाही तर त्याचे सत्र रद्द करा. ‘येताना घेऊन येतो’ असे म्हणणाऱ्याला मुभा दिली की वेळेवर पाठवणाऱ्या सात जणांवर अन्याय होतो आणि पूर्ववाचनाची अट पुढच्या वर्षी कुणी पाळत नाही. मोकळ्या तासात एखादा छोटा मूळ उतारा एकत्र वाचा.

## टप्पा ७: दिवसाचे वेळापत्रक

प्रत्येक निबंधाला सत्तर मिनिटे द्या: लेखकाचे प्रास्ताविक १०, प्रतिसाद १२, लेखकाचे उत्तर ५, थांबा ३, खुली चर्चा ४०.

तीन मिनिटांचा थांबा काढून टाकू नका. त्या वेळात लोक शेजाऱ्याशी बोलतात, प्रश्न कागदावर लिहितात. ज्यांना लगेच हात वर करायचा धीर होत नाही त्यांना तेवढा अवधी लागतो.

दिवस असा जातो: पावणेदहाला स्वागत, दहाला पहिले सत्र, ११.१० ला चहा, साडेअकराला दुसरे, १२.४० ला जेवण, १.४० ला तिसरे, २.५० ला चहा, ३.१० ला चौथे आणि ४.२० ला दिवस संपतो.

स्वागताला पंधरा मिनिटे, त्यात सगळे. कुलगुरूंना किंवा प्राचार्यांना बोलवायचे असेल तर जरूर बोलवा, पण निमंत्रणपत्रात ‘९.४५ ते १०.००’ असे लिहा आणि त्यांच्या कार्यालयाला आदल्या दिवशी आठवण करा. त्यांना उशीर झाला तर पहिले सत्र ठरल्या वेळी सुरू करा आणि स्वागत चहाच्या वेळी घ्या. हे त्यांच्या कार्यालयाला आधी कळवलेले असले की कुणाचाही मान दुखावत नाही. शाल-श्रीफळ आणि परिचयवाचन वगळा. परिचय दोन ओळींत छापून सगळ्यांना द्या.

## टप्पा ८: सत्राध्यक्ष चर्चा चालवतो, भाषण करत नाही

अध्यक्षीय समारोपाची दहा मिनिटे हा चर्चेचा सर्वांत मोठा तोटा असतो. निमंत्रण देतानाच सांगा की अध्यक्षांना समारोप करायचा नाही. त्यांची कामे वेगळी आहेत.

पहिले काम रांग ठेवण्याचे. अध्यक्षांसमोर कागद-पेन हवा. ज्याने हात वर केला त्याचे नाव त्यांनी लिहावे आणि मान हलवून कळवावे, म्हणजे माणूस हात खाली घेऊन ऐकायला मोकळा होतो. दोन खुणा ठरवा: नवा प्रश्न असेल तर पूर्ण हात वर, चालू मुद्द्यालाच धरून विचारायचे असेल तर एक बोट वर. बोटवाल्याला रांग मोडून लगेच घ्यायचे, पण एका मुद्द्यावर दोनच बोटे. ही पद्धत बाहेरच्या अनेक तत्त्वज्ञान विभागांत चालते आणि आपल्याकडे पहिल्या तासातच लोकांच्या अंगवळणी पडते.

रांगेत विद्यार्थी आणि अजून न बोललेले लोक वर घ्या. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच घ्या. पहिला प्रश्न ज्येष्ठ प्राध्यापकाचा आला की पुढची वीस मिनिटे चार ज्येष्ठांमध्येच जातात आणि मागच्या रांगा गप्प होतात.

दुसरे काम प्रश्न छाटण्याचे. ‘मला तीन मुद्दे मांडायचे आहेत’ असे म्हणणाऱ्याला अध्यक्षांनी हसून पण ठामपणे म्हणावे, ‘सर, त्यातला एक निवडा, बाकीचे चहाला.’ बाई असोत की सर, विभागप्रमुख असोत की पाहुणे, नियम एकच. एकदा ज्येष्ठाला सूट दिली की दुसऱ्याला अडवता येत नाही.

तिसरे काम अवघड. नैतिक-राजकीय प्रश्नांत आवाज चढतो, आणि विस्थापन, आरक्षण, धर्मस्वातंत्र्य अशा विषयांत तो चढणे साहजिक आहे, कारण सभागृहातल्या कुणाच्या तरी घरावर ती गोष्ट गेलेली असते. अशा वेळी अध्यक्षांनी चर्चा थांबवू नये. त्यांनी बोलणाऱ्याचा दावा एका वाक्यात परत मांडावा: ‘तुमचे म्हणणे असे की पैशाने भरून न येणारे नुकसान असते आणि निबंधात ते मोजलेलेच नाही. बरोबर?’ दावा असा स्वच्छ पुढे आला की लेखकाला उत्तर द्यावेच लागते आणि रागामागचा युक्तिवाद वाया जात नाही. व्यक्तीवर, जातीवर, पक्षनिष्ठेवर बोट आले तर मात्र तिथेच अडवावे आणि तो प्रश्न दाव्याच्या भाषेत पुन्हा विचारायला सांगावे.

एक गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. प्रकल्पग्रस्त गावातला कार्यकर्ता किंवा आंदोलनात काम केलेल्या बाई बोलावल्या असतील, तर त्यांना ‘अनुभवकथनाच्या’ वेगळ्या सत्रात बसवू नका. अनुभव ते सांगणार आणि सिद्धान्त प्राध्यापक सांगणार, ही वाटणीच चुकीची आहे. त्यांना निबंध आधी पाठवा, हवे तर मराठीत सारांश करून द्या, प्रतिसादकाची खुर्ची द्या आणि मानधन इतर प्रतिसादकांइतकेच द्या. ‘कुणाची संमती? घरातल्या बाईला कुणी विचारले होते का?’ असा प्रश्न अशाच खुर्चीतून येतो आणि त्याने संमतीवरचा अख्खा निबंध पुन्हा लिहावा लागतो.

थांबून तपासा: पहिल्या दिवशी संध्याकाळी आठ अध्यक्षांना दहा मिनिटे एकत्र घ्या. आज कोण अजिबात बोलले नाही, कोण दोनदा बोलले, हे त्यांच्या कागदांवरून दिसते. दुसऱ्या दिवशीची रांग त्याप्रमाणे लावा.

## टप्पा ९: खोली, माईक, नोंदणी

सभागृह टाळा. व्यासपीठ आणि स्थिर खुर्च्यांच्या सभागृहात लोक एकमेकांची तोंडे पाहू शकत नाहीत. हलवता येणाऱ्या खुर्च्यांची मोठी वर्गखोली घ्या, खुर्च्या दोन ओळींच्या अर्धवर्तुळात लावा. तळमजला असेल तर उत्तम, नाहीतर लिफ्ट चालू आहे याची खात्री करा.

दोन कॉर्डलेस माईक हवेत, एक लेखकाकडे आणि एक फिरता. फिरता माईक घेऊन धावायला दोन विद्यार्थी नेमा, पण पाळीपाळीने, म्हणजे त्यांनाही चर्चा ऐकायला मिळेल. पंख्यांचा आवाज आदल्या दिवशी तपासा. घड्याळ अध्यक्षांना आणि लेखकाला दोघांना दिसेल असे लावा.

नोंदणीच्या टेबलावर पाहुण्यांकडून पॅन कार्डाची झेरॉक्स, रद्द केलेला चेक, तिकीट आणि प्रवासभत्त्याच्या अर्जावरची सही पहिल्याच दिवशी घ्या. परत गेल्यावर हे कागद मिळवायला दोन महिने लागतात.

बढतीसाठी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे लोक त्याची चौकशी करणारच. ते छापून तयार ठेवा, पण शेवटचे सत्र संपल्यावर द्या आणि हजेरीपत्रकावर चारही अर्ध्या दिवसांच्या सह्या असलेल्यांनाच द्या. हे आवाहनातच लिहिलेले असले की भांडण होत नाही.

## टप्पा १०: गोष्ठीनंतरचे सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात सत्रनोंदी पूर्ण करा. प्रत्येक सत्राला एक नोंदकर्ता विद्यार्थी असावा आणि त्याने प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह फक्त प्रश्न आणि उत्तराचा गाभा लिहावा. लेखकाला या नोंदी निबंध सुधारताना लागतात. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर सुरुवातीलाच सर्वांची संमती घ्या. संवेदनशील विषयावर माणूस मोकळा बोलावा असे वाटत असेल तर मुद्रण करू नये, असे माझे मत आहे.

लेखकांना सुधारित निबंधासाठी सहा आठवडे द्या. सगळे निबंध जसेच्या तसे पुस्तकात छापून टाकायची घाई नको. ज्यांनी चर्चेतल्या आक्षेपाला निबंधात उत्तर दिले आहे तेवढेच पुढे न्या. पाच झाले तरी चालतील. प्रतिसादकाचे टिपणही निबंधाशेजारी छापा.

हिशेबाचे काम मात्र थांबवू नका. अॅडव्हान्सची मूळ बिले, कोटेशन, हजेरीपत्रक, मानधनाच्या पावत्या आणि कापलेल्या कराचा तपशील पंधरा दिवसांत लेखा विभागात द्या आणि जावक क्रमांक टिपून ठेवा. बाहेरचा निधी असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र आणि सनदी लेखापालाच्या सहीचे खर्चपत्रक लागते. हे दोन्ही ३१ मार्चच्या आत निघाले नाहीत तर उरलेला हप्ता अडकतो आणि पुढच्या वर्षीच्या अर्जावर त्याचा परिणाम होतो.

फाईल बंद करण्याआधी तिच्यात दोन पाने घाला. एका पानावर ज्यांना नकार दिला त्या गोषवाऱ्यांचे क्रमांक आणि कारणे, दुसऱ्यावर सत्रांतून निघालेले पण उत्तर न मिळालेले प्रश्न. पुढच्या वर्षीच्या समितीची पहिली बैठक दुसऱ्या पानापासून सुरू करा.